क्रॉनचं पत्र

“...म्हणजे रूटचा पासवर्ड मला अजूनही नाहीच?”

कपिल नाईकवडीने हे उभ्याउभ्याच विचारलं. मिरजेच्या एका कॉलेजचा सर्व्हर व्हटकरबाईंनी वीस वर्षं सांभाळला होता; त्यावरचे सगळे अधिकार देणारा तो पासवर्ड फक्त त्यांच्याकडे होता. मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या खुर्चीवर कपिलचा डोळा होता. जानेवारी नुकताच लागला होता.

“तू काय केलंस ते सांग,” बाई म्हणाल्या.

“सिस्टीमचा नवा सोर्स कोड रोज सकाळी सहाला आपोआप उतरतो. क्रॉनमध्ये एक ओळ लिहिली, वेळ झाली की तो स्वतःच कमांड देतो, झालं काम. दोन महिन्यांत हात लावावा लागला नाही.”

“आज काय उतरलं?”

“...उतरलं असेल.”

बाईंनी सोर्सची तारीख दाखवली. दोन महिन्यांपूर्वीची.

कपिलचा चेहरा पडला. त्याने तीच कमांड हाताने दिली. सगळं झरझर उतरलं.

“बघा, चालते की.”

“तुझ्या हाताखाली चालते. कमांड कुठल्या फोल्डरात आहे, तो रस्ता तुला आयता मिळतो. क्रॉनला पूर्ण पत्ता द्यावा लागतो. तो रोज अडला, रोज तुला पत्र लिहीत राहिला.”

“मला एकही पत्र आलं नाही.”

बाईंनी ओळीच्या शेवटी बोट ठेवलं. तिथे ‘डेव्ह नल’ होतं. तिथे पाठवलेलं कायमचं नाहीसं होतं. रोजच्या मेलची कटकट नको म्हणून कपिलनेच ते लिहिलं होतं.

...

“चुकलं, बाई. पण मी सोडणार नाही.”

“मग ही ओळ पूस. चाळीस दिवस हाताने कर.”

त्याने केलं. थंडीत, नाक पुसत, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. माणूस शेखी मिरवणारा, पण हट्टाला पक्का. कौतुक करावं असाच.

एकेचाळिसाव्या दिवशी त्याने ओळ पुन्हा लिहिली. पूर्ण पत्ता घातला, डेव्ह नल गाळलं.

मार्च निम्मा सरला. बाई आपलं टेबल आवरायला सकाळी लवकर आल्या, तर कपिल आधीच येऊन बसलेला.

“क्रॉन बंद पडला?”

“नाही. चालू आहे.”

“मग इतक्या सकाळी?”

“त्याचं पत्र वाचतोय.”

बाईंनी पर्समधून पासवर्डचं बंद पाकीट काढलं आणि कीबोर्डवर ठेवलं.

“आता म्हण, आपोआप होतं.”