झटक्या

“पण वस्ताद, या दोन्हींत चांगलं कुठलं, तेवढं तर सांगा.”

परीक्षित मगदूमनं हाच प्रश्न दुपारपासून लावून धरला होता. वस्ताद दर वेळी चष्मा काढून पुसत होते. इतका पुसण्यासारखा तो चष्मा नव्हता.

टेबलावर दोन पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवलेली. दोन्ही छर्‍याची, एकाच कंपनीची, एकाच जातीची. डावीकडचं आमच्या क्लबचं, कारखान्यातून आलं तसंच. उजवीकडचं परीक्षितचं, नुकतंच नवं घेतलेलं.

परीक्षितच्या पिस्तुलात कारखान्याचं फारसं काही उरलं नव्हतं. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, त्याच्या पंजाचं माप घेऊन कोरून घेतलेली. चाप नवा, अगदी हलका. नळीखाली वजनं बसवलेली, नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशीसुद्धा बदललेली. घरच्या पहिल्या लग्नात करावी तशी सगळी हौस त्यानं त्या पिस्तुलावर करून घेतली होती.

आमची रेंज म्हणजे इचलकरंजीतली यंत्रमागाची एक रिकामी शेड. शेजारच्या शेडमधले माग चालूच असतात. बाहेरचा माणूस म्हणतो, या खडखडाटात नेम कसा धरता? आम्हाला माग थांबले की दचकायला होतं.

बाबालाल मुल्लाणी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि इथं शिकवायला लागले. घराणं पैलवानांचं, म्हणून सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. कुणी ‘कोच’ म्हटलं, तर ते मागं वळून बघतात, दुसरं कोण आलंय म्हणून. माझा स्वतःचा नेम सांगण्यासारखा नाही. मी क्लबात येतो तो मुख्यतः त्यांच्यासाठी.

दुसर्‍या दिवशी पुण्यात राज्य संघाची निवड होती. आमच्याकडून दोघं जाणार होती. पुरुषांत परीक्षित आणि महिलांत प्रमिलाताई गवंडी.

जाणार होती, म्हणजे सकाळपर्यंत.

प्रमिलाताई एसटीत कंडक्टर. चाळिशीनंतर नेमबाजी शिकल्या. स्वतःचं पिस्तूल नाही, त्यामुळे क्लबचं वापरतात. आणि क्लबच्या पिस्तुलाचं नाव वर्षभरात ‘झटक्या’ पडलं होतं.

ते नाव परीक्षितमुळे पडलं. गेल्या वर्षी तो हेच पिस्तूल घेऊन पुण्याला गेला होता. शेवटच्या छर्‍यापर्यंत संघात होता. शेवटचा छर्रा दहाच्या जागी सातवर गेला आणि हा बाहेर पडला. परत आल्यावर म्हणाला, माझी चूक नव्हती, पिस्तुलानं ऐन वेळी झटका दिला.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण गाव लहान, शेड त्याहून लहान. त्या दिवसापासून कुणाचाही छर्रा भरकटला की झटक्याच्या नावावर जाऊ लागला. वस्तादांनी पिस्तूल खोलून बघितलं, पुन्हा जोडलं, स्वतः मारून बघितलं. त्यांना काही सापडलं नाही. झटका सापडत नाही म्हणजे तो नक्की आहे, असं मग लोक म्हणू लागले.

प्रमिलाताईंनी कधी लक्ष दिलं नव्हतं. पण निवड जवळ आली, तशी त्यांच्या मनात शंका शिरली. त्या आता झटक्याची वाट बघत मारायच्या. चाप ओढायच्या आधीच बोट ताठ व्हायचं. मग छर्रा जायचा तिथंच जायचा.

त्या सकाळी त्यांनी पिस्तूल पेटीत ठेवलं आणि म्हणाल्या, “वस्ताद, मी उद्या जात न्हाई. रजा रद्द करून ड्यूटी घेते.”

“पिस्तूल चांगलं हाय, ताई.”

“तुमी म्हणणारच तसं. पण ज्याच्या हातात त्यानं झटका दिला, त्योच सांगतोय न्हवं?”

वस्तादांनी पेटी आपल्याकडं ओढून घेतली. म्हणाले, “जेवून तर जावा. आमच्या घरातनं डबा येतोय.”

म्हणून त्या अजून होत्या. आवारात कडुलिंबाखाली, डबा घेऊन आलेल्या वस्तादांच्या बायकोजवळ जेवत बसल्या होत्या. त्यानंतर डेपोत जाऊन साहेबांना सांगणार होत्या. मी दारातून बघितलं, तेव्हा अर्धी भाकरी उरली होती.

आणि इकडं आत परीक्षित विचारत होता, यातलं चांगलं कुठलं.

मला त्याचा राग येत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं तोंडावर म्हणावंसं वाटत होतं. वस्ताद बसले होते म्हणून गप्प राहिलो.

“मारून बघू,” वस्ताद म्हणाले. “दोन्हीनं पाच-पाच.”

परीक्षित खूश झाला. त्याला तेच हवं होतं.

वस्तादांनी निशाण्यावरची भोकं बघायची स्टँडवरची दुर्बीण भिंतीकडं फिरवून ठेवली. समोर दोन निशाणे टांगलेले, एकेका पिस्तुलासाठी एक; ते कागद दोरीवरून परत आणायचं बटण माझ्यापाशी होतं. “मी सांगंपर्यंत हात लावायचा न्हाई,” त्यांनी मला बजावलं. मग परीक्षितसमोर वर्तुळं छापलेले दोन पांढरे कागद, एकेका पिस्तुलासाठी एक, आणि लाल पेन ठेवलं.

“छर्रा सुटला की त्यो कुठं गेला, तिथं ठिपका दे. मग दुसरा मार.”

यात नवं काही नव्हतं. कागद बघायच्या आधी छर्रा कुठं गेला ते सांगायचं, ही नेमबाजांची जुनी सवय. ज्याला माशी शेवटपर्यंत दिसते, त्याला सांगता येतं. ज्याला दिसत नाही, तो अंदाज करतो.

आधी झटक्या.

परीक्षितनं तो उचलला तो दुसर्‍याची चप्पल पायात घालावी तसा. नाक मुरडलेलं. पहिला छर्रा सुटला.

“नऊ. डावीकडं गेला.” ठिपका दिला.

पुढचा. “हा बरा आहे. दहाच्या कडेला.”

त्यापुढचा. इथं त्यानं तोंड वाकडं केलं. “हा गेला खाली. आठ.”

उरलेले दोन असेच. मारत होता, कुरकुरत होता, ठिपका देत होता.

मग स्वतःचं पिस्तूल घेतलं. खांदे सरळ केले. ती अक्रोडी मूठ हातात इतकी छान बसली, की बघणार्‍यालाही बरं वाटावं.

“दहा,” तो म्हणाला आणि मधोमध ठिपका दिला.

“दहा.”

एका छर्‍यानंतर पेन जरा थांबलं… मग तोही ठिपका मधेच पडला.

“आण कागद,” वस्ताद मला म्हणाले.

मी बटण दाबलं. बेरीज केली तर नवं पिस्तूल पुढं होतं. थोडंसंच, पण होतं. ते मी नाकारत नाही.

“बघा,” परीक्षित म्हणाला. “अजून हात बसला नाही, तरी पुढं आहे.”

वस्तादांनी बेरीज केलीच नाही. त्यांनी प्रत्येक निशाण्याशेजारी त्याचा ठिपक्यांचा कागद ठेवला.

झटक्याची भोकं आणि झटक्याचे ठिपके एकाच गल्लीत राहत होते. कुठं इकडचं घर, कुठं तिकडचं, एवढाच फरक.

नव्याचे ठिपके सगळे मध्यभागी गर्दी करून होते. भोकं मात्र हवी तिकडं गेली होती. दोन छान दहाच्या पोटात, दोन कडेला आणि एक पार उजवीकडं आठवर.

वस्तादांनी त्या आठवर बोट ठेवलं.

“ह्यो कधी सुटला?”

“…लक्षात नाही आलं.”

“आणि झटक्याचा ह्यो आठ?”

“तो तिसरा. सुटतानाच कळलं मला. बोट ताठ झालं होतं.”

“कुणाचं?”

“माझं.”

बोलून गेल्यावर तो थोडा थबकला. वस्तादांचा चेहरा होता तसाच होता.

“म्हंजे झटक्या तुला सांगतोय.”

“सांगतो की. त्याच्यावरच शिकलो मी. कधी काय करेल ते हाताला कळतं.”

“गेल्या साली बी कळत असंल.”

शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी एक माग बंद केला. बाकीचे चालू राहिले.

वस्तादांनी वर्तुळांचा तिसरा, कोरा कागद पुढं सरकवला. लाल पेन त्याच्यावर ठेवलं.

“पुण्यातला शेवटचा छर्रा. कागद परत यायच्या आधी ठिपका कुठं दिला असतास, तिथं दे.”

परीक्षित हसायला गेला. जमलं नाही.

“वर्ष झालं, वस्ताद. आता कसं आठवणार?”

“न्हाई आठवत?”

परीक्षितची नजर कागदावरच होती.

“मग र्‍हाऊ दे.”

त्यांनी कागद मागं ओढला नाही. हातही लावला नाही. खुर्चीत मागं टेकून बसले.

मी त्या पेनाकडं बघत होतो. ठिपका मधोमध दिला असता, तर त्याला खोटं ठरवणारं जगात कुणी नव्हतं. मी दहा देत होतो, पिस्तुलानं सात दिला, असं म्हणायला तो मोकळा होता. आणि त्यानं तसं केलं असतं, तर मी त्याच्याशी पुन्हा बोललो नसतो. मी तसं ठरवूनही टाकलं होतं.

बाहेरून डब्याची झाकणं लावल्याचा आवाज आला. प्रमिलाताई वस्तादांच्या बायकोला म्हणत होत्या, “येते वैनी. पाच वाजता सायेब उठतात खुर्चीवरनं.”

परीक्षितनं तो आवाज ऐकला. ताई रजा रद्द करायला निघाल्यात, हे त्यालाही माहीत होतं. त्यानं दाराकडं बघितलं आणि पेन उचललं.

ठिपका सातमध्ये पडला. खाली, उजवीकडं. पेन बराच वेळ तिथंच टेकलेलं राहिलं आणि शाई कागदात पसरली.

“झटका?” वस्तादांनी विचारलं.

“…नव्हता.”

“मग?”

“घाई केली मी. हात खाली घेऊन परत उचलायला पाहिजे होता. ते मला तेव्हाच कळत होतं. तरी मारला.”

“मग तसं का सांगितलंस?”

परीक्षित टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

“बाबा एसटी स्टँडवर न्यायला आले होते. पेढ्यांचा बॉक्स घेऊन. कुणीतरी त्यांना फोन करून मी संघात आलो म्हणून सांगितलं होतं… काहीतरी बोलायला पाहिजे होतं. पहिलं जे सुचलं ते बोललो.”

इतकं साधं होतं ते. वर्षभर मी त्याच्यावर चिडून होतो आणि कारण निघालं पेढ्यांचा बॉक्स. माझा राग कुठं गेला, मलाच कळलं नाही. त्याच्या जागी मी असतो, तर स्टँडवर मीही काहीतरी बोललोच असतो, आणि ते खरं असतं असं छातीठोक सांगता येत नाही.

वस्तादांनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

बाहेर प्रमिलाताईंची स्कूटर चालू होईना. एक किक. पुन्हा एक. त्यांचं त्या स्कूटरशी काहीतरी बोलणंही चाललं होतं.

परीक्षितनं दोन्ही पिस्तुलांकडं बघितलं. दुपारपासून पहिल्यांदाच तो खाली मान घालून बोलला.

“मग उद्या मी कुठलं नेऊ, वस्ताद?”

वस्तादांनी झटक्या उचलला. फडक्यानं नीट पुसला, पेटीत ठेवला, पेटीच्या दोन्ही खिट्ट्या लावल्या आणि पेटी परीक्षितच्या हातात दिली.

परीक्षितला वाटलं, उत्तर मिळालं.

“म्हणजे… मी हेच नेऊ?”

बाहेर किक बसली. स्कूटर फुरफुरली, पुन्हा बंद पडली.

“तुझं मागनं बघू,” वस्ताद म्हणाले. “ताईंनी कुठलं न्यावं, ते आधी त्यांना जाऊन सांग.”