गजराबाईच्या परसाचं पांघरूण

एक होतं परसदार. नाही, राजाबिजा काही नाही. राजा आज दमून झोपलाय, त्याला उठवायचं नाही. आज नुसतं परसदार, घराच्या मागचं, आणि ते होतं गजराबाईचं.

ही गजराबाई कशी होती? ठेंगणी, ठसठशीत, पदर खोचलेला आणि हातात सदा खराटा. खराटा ठाऊक आहे ना? माडाच्या हिरांचा तो लांब झाडू. तर कोंबडा आरवायच्या आधी गजराबाईचा खराटा सुरू व्हायचा. खर्र, खर्र, खर्र. पुढचं अंगण झालं की मागचं परसदार. परसात एक म्हातारा फणस होता. तो पानं टाकायचा आणि ही झाडून काढायची. मग सगळ्या पानांचा ढीग करायची आणि लावायची काडी. परसदार इतकं स्वच्छ, इतकं स्वच्छ, की मुंगीसुद्धा पाय पुसून आत यायची, बरं का. गजराबाईचा नवरा गलबतावर कामाला होता, वर्षातून दोनदा घरी यायचा. तोसुद्धा आधी पाय धुवायचा, मग परसात जायचा. साऱ्या वाडीत नाव होतं. नवी सून घरात आली की सासू तिला आधी गजराबाईचं परसदार दाखवून आणायची. "बघ," म्हणायची, "याला म्हणतात झाडलोट."

पण त्या परसात उगवत मात्र काही नव्हतं. मिरची नाही, कोथिंबिरीची काडी नाही. फणसाला बारा वर्षांत एक फळ धरलं नव्हतं. गजराबाई म्हणायची, "नाही धरत तर नाही. कचरा तरी होत नाही."

मग एकदा काय झालं, गावोगाव फिरून बांगड्या भरणारी कासारीण आली. ती आली होती तीन डोंगरांपलीकडून. तिकडे गजराबाईची लेक दिलेली, आवडी. एकुलती एक. गजराबाईनं कासारणीला गूळपाणी दिलं आणि विचारलं, "माझी आवडी बरी आहे ना गं?"

कासारीण गुळाचा खडा हातातच धरून बसली. म्हणाली, "गजराबाई, आवडीला दिवस गेलेत. पण पोरीकडे बघवत नाही. खाल्लेलं पोटात ठरत नाही. मी बांगड्या भरल्या तर मनगटावरून घसरून खाली पडल्या."

"वैद्यबुवा काय म्हणतात?"

"म्हणतात, दोन जिवांची आहे, हिच्या डोहाळ्याचं हिला द्या, नाहीतर माझ्या हातात काही नाही. आणि ती एकच मागते. आईच्या परसातलं अळू."

गजराबाई मटकन खाली बसली. का ते सांगते. आवडी एवढीशी होती ना, आपल्या ठकूएवढी, तेव्हा तिच्या आजीनं न्हाणीच्या मागे अळू लावलेलं होतं. आजी गेली, आणि गजराबाईनं चिखल नको, डास नकोत, म्हणून ते मुळासकट उपटून टाकलं. तिथं आता खराट्याच्या रेघा होत्या.

मग गजराबाईनं काय केलं? लबाडी केली. शेजारच्या सोनूबाईकडून अळू मागून आणलं, पानांत बांधलं आणि कासारणीबरोबर पाठवून दिलं. आठ दिवसांनी कासारीण परत आली. म्हणाली, "विहीणबाईंनी रांधून वाढलं. आवडीनं एक घास घेतला आणि ताट सारलं. हे आईच्या परसातलं नाही, म्हणाली. आता रंगपंचमीला विहीणबाई तिला इकडंच घेऊन येणार आहेत. तोवर पोरीनं तग धरला म्हणजे मिळवली."

तिनं सोनूबाईकडून अळवाचे गड्डे आणले आणि न्हाणीमागे लावले. भोवतीचं लख्ख झाडून काढलं. चार दिवसांत गड्डे सुकून गेले. मग तिनं दुसरे लावले, आणि विहिरीच्या तीस घागरी ओढून पाणी घातलं. पण भुई अशी टणक झालेली, की पाणी ताटावरून वाहावं तसं वाहून गेलं ते कुंपणाबाहेर. तेही गड्डे गेले. तिसऱ्यांदा गजराबाईनं काही लावलंच नाही. भर दुपारी ओच्यात गड्डे घेऊन ती परसात बसली आणि रडायला लागली. एक टिपूस खाली पडलं.

आणि तिला ऐकू आलं. हुडहुड, हुडहुड. कुणीतरी कुडकुडतंय. एवढ्या उन्हात? गजराबाईनं कान जमिनीला लावला. तर भुई कुडकुडत होती, बरं का. आणि भुई बोलली. "गजरे, दिवसा भाजते गं मी आणि रात्री गारठते. कुशीत कुणाला घेऊ कशी? मला आधी पांघरूण घाल."

"एवढंच ना, आई," गजराबाई म्हणाली. पळत घरात गेली आणि पेटीतून गोधडी काढली. कुठली? सगळ्यात चांगली. आवडीचे लहानपणीचे परकर आणि सासूचं लुगडं घालून शिवलेली, जी पाहुण्यांनासुद्धा कधी दिली नव्हती. ती तिनं परसात पसरली आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. वाडीतल्या बायका कुंपणाशी जमल्या. "गजराबाई, जमिनीला ताप आलाय का?" हसून हसून पुरेवाट झाली त्यांची. हसा तुम्हीपण, हसा. पण हळू. दिगू झोपायला आलाय.

दुसऱ्या दिवशी गोधडीवर सोनूबाईची कोंबडी अंडं घालून गेली. खाली भुई आपली कुडकुडतच होती. "अगं, ही तुझी गोधडी," भुई म्हणाली. "मला माझी दे."

"तुझी कुठली गं आई?"

"माझा फणस रोज मला घालतो ती. आणि तू रोज पहाटे ओढून नेतेस ती."

गजराबाईनं वर फणसाकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या राखेच्या ढिगाकडे पाहिलं. तिचं तोंड एवढंएवढंसं झालं. "ते पांघरूण होतं? आणि मी ते रोज..."

"रोज," भुई म्हणाली. "बारा वर्षं."

तिला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली. तिनं गोधडी उचलली, झटकली, घडी करून पेटीत ठेवली. आणि खराटा पार आढ्याला बांधून टाकला. मग फणसाची पानं पडायला लागली. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. पडली ती तिथंच राहिली. पहाट झाली की गजराबाईचा उजवा हात आपोआप हलायचा, तेव्हा ती डाव्या हातानं त्याला घट्ट धरून बसायची. वाडीत बायका म्हणायला लागल्या, "गजराबाईनं हात टेकले. उकिरडा केलाय नुसता." नव्या सुनांना कुणी इकडं आणीना. तिला फार लागायचं ते. पण आवडी आठवली की ती गप्प बसायची.

पांघरूण घेऊन भुईला जरा ऊब आली. मग ती म्हणाली, "आता मला सोबत हवी. एकटंदुकटं काही लावू नकोस. घरात कशी सगळी दाटीवाटीनं झोपतात, तशी लाव." मग गजराबाईनं न्हाणीचं पाणी जातं तिथं केळ लावली, आणि केळीच्या पायाशी, सावलीत, अळू. कुंपणाशी शेवग्याची फांदी खोचली. शेवग्याच्या गळ्यात पडायला घेवडा. फणसाखाली हळद आणि आलं, ती जमिनीच्या पोटात. आणि मधल्या रिकाम्या जागेत लाल भोपळा, रांगायला मोकळा. उंच ते वर, बुटकं ते खाली, लाजाळू ते मातीत. कुणी कुणाच्या पायावर पाय देत नव्हतं.

"आणखी काय देऊ?" गजराबाईनं विचारलं.

"आता मला वेळ दे," भुई म्हणाली. "आणि सारखं उकरून बघू नकोस." कारण ही बघायची, बरं का. सकाळी उकरून बघायची, दुपारी उकरून बघायची. अळवाचे गड्डे वैतागले असतील बिचारे. मग तिनं तेही सोडलं. आणि बरोबर दहाव्या दिवशी केळीच्या पायाशी एक हिरवी सुरळी वर आली. मग तिचं झालं पान. मग दुसरं, मग तिसरं.

होता होता रंगपंचमी आली. त्या दिवशी गजराबाईला कोंबड्याच्याही आधी जाग आली. आज आवडी येणार. पण आवडीबरोबर विहीणबाई येणार. विहीणबाई म्हणजे मोठी करारी बाई, आणि गजराबाईच्या परसाचं नाव त्यांनी तीन डोंगरांपलीकडे ऐकलेलं. त्या मागच्या दारी येणार आणि बघणार काय, तर घोटाभर पाला. गजराबाईला राहवेना. एवढा एकच कोपरा, म्हणाली मनाशी, दारापुढचा. चढली शिडीवर, आढ्याचा खराटा सोडला, आणि खर्र. खर्र. खर्र.

तिसऱ्या खर्रला ती थांबली. पाला सरकला होता आणि खाली भुई काळीभोर दिसत होती, ओली, मऊ. एक गांडूळ उघडं पडून वळवळत होतं. आणि त्याच्या शेजारी अळवाचा नवा कोंब होता, पांढरा, करंगळीएवढा. हिराला लागून मोडलेला. कुणी लावला नव्हता तो. आपणहून चालत दारापर्यंत आला होता. या वेळी भुई काहीसुद्धा बोलली नाही. तेच गजराबाईला जास्त लागलं.

मग तिनं काय केलं? खाली बसली आणि हातानं, ओंजळ ओंजळ करून, सगळी पानं परत जागच्या जागी घातली. आपण बाळाला पांघरूण घालतो ना, तशी. आणि खराटा सोडला. त्याचा एकेक हीर वेगळा केला आणि घेवड्याच्या कोवळ्या वेलांना आधाराला खोचून दिला. झाला खराटा घेवड्याचा मांडव.

दुपारी गाडी आली. आवडी उतरली, तर नुसती काडी. गजराबाईनं तिला धरूनच आत आणलं. विहीणबाई मात्र तडक मागच्या दारी गेल्या. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "विहीणबाई, हे काय? तुमच्या परसाचं केवढं नाव ऐकलं होतं मी."

गजराबाई म्हणाली, "नाव गेलं, विहीणबाई. अळू आहे."

आणि तिनं अळू कापलं. चिंचेचा कोळ घातला, शेंगदाणे घातले, गुळाचा खडा घातला, आणि छान घोटून फदफदं केलं. वर लसणीची फोडणी. गरम भात वाढला आणि ताट आवडीपुढे ठेवलं. आवडीनं एक घास घेतला. सगळी बघत राहिली. कासारीणसुद्धा दारात येऊन उभी होती. आवडीनं डोळे मिटले. मग दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग म्हणाली, "आई, आजीच्या वेळी होतं तेच आहे हे. भात आहे का अजून?"

आणि ते पोटात ठरलं. सबंध ताट ठरलं. आवडी पोटभर जेवली आणि परसात केळीच्या सावलीत, पाल्यावर चटई टाकून, निजून गेली. गजराबाई तिच्या उशाशी बसून राहिली, डोळ्यांतून पाणी गाळत, आणि ते टिपूस पडलं तिथं भुई आता कुडकुडत नव्हती.

आवडी बाळंतपणाला तिथंच राहिली. तिला मुलगी झाली, गोबरी गोबरी. परसदार इकडं वाढतच होतं. भोपळा छपरावर चढला. शेवग्याला शेंगा लोंबल्या. बुलबुल कुठून तरी पेरूचं बी घेऊन आले आणि टाकून गेले, त्याचं झाड आलं. मुंग्या पाय न पुसता यायला लागल्या. आणि त्या म्हाताऱ्या फणसाला, बारा वर्षांनी, अगदी बुंध्याशी एक फणस धरला.

पोर पाच महिन्यांची झाली, तशा विहीणबाई सुनेला न्यायला आल्या. निघताना गजराबाईनं लेकीची ओटी भरली. काय काय घातलं? तांदूळ, केळ्याची फणी, शेवग्याच्या शेंगा, हळदीचं ओलं कांडं. आणि सगळ्यावर एक मूठभर कुजलेला, काळा, ओलसर पाला.

विहीणबाईंनी भुवया वर केल्या. "ओटीत पाला घालतात का कुणी?"

"पाला नाही हा, विहीणबाई," गजराबाई म्हणाली. "विरजण आहे. घरी गेलात की परसात टाका, आणि वरून तुमच्या झाडांची पानं पडू द्या. लागेल हळूहळू."

विहीणबाईंनी त्या काळ्या पाल्याकडे निरखून पाहिलं. आपल्याही घरी खराटा आहे, तोही कोंबड्याच्या आधी सुरू होतो, हे आठवलं असेल त्यांना. मग त्यांनी आपला पदर पसरला. म्हणाल्या, "मला दोन मुठी घाला. आमचं परसदार मोठं आहे."

असं ते विरजण तीन डोंगरांपलीकडे गेलं. तिथं लागलं. तिथून आणखी पुढच्या वाडीला गेलं. जिथं गेलं तिथं उंच ते वर उभं राहिलं, बुटकं ते खाली बसलं, वेल गळ्यात पडले आणि लेकीबाळी पोटभर जेवल्या. गजराबाई, आवडी, विहीणबाई, सगळी सुखानं राहिली. नव्या सुना पुन्हा गजराबाईच्या दारी यायला लागल्या, पण आता पाला मागायला.

झाली आपली गोष्ट, अळवाच्या पानावरचं पाणी घरंगळलं. बाहेर पानं पडतायत, ऐकू येतंय का? पडू देत. सकाळी कुणी झाडायची नाहीत. ठकू, पाय आत घे. दिगू तर झोपलासुद्धा. भुईनं आपलं पांघरूण घेतलं, आता तुम्ही आपलं घ्या. हं, असं. गळ्यापर्यंत. आणि कुणी कुणाचं ओढायचं नाही.