तुळसाक्काच्या लेकीचं बाशिंग

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कोणी उरलं नाही. त्या गावात तुळसाक्का नावाची बाई राहायची. ती कागदाला घडी घालायची, कात्री फिरवायची आणि घडी उलगडली की बघणारा बघतच राहायचा. गावातल्या प्रत्येक नवरीच्या कपाळी बांधायचं कागदी बाशिंग तिच्याच हातचं. त्यावर समोरासमोर दोन मोर, चोचीला चोच लावलेले.

बाई गुणी, पण भारी भिडस्त. नाही म्हणायला तिची जीभच उचलायची नाही.

एकदा बाजारातला अत्तरवाला शेठ तिच्या दारी आला. म्हणाला, "अक्का, प्रत्येक कुपीबरोबर गिऱ्हाइकाला एक कागदी पाखरू भेट द्यावं म्हणतो. थोडी करून द्या."

तिनं दिली. झालं! अत्तर कोणाला हवं होतं हो? पाखरांसाठीच दुकानात झुंबड उडाली. शेठ पुन्हा आला, पुन्हा पुन्हा येत राहिला. "तुमच्या पाखरांवर तर दुकान चाललंय, अक्का. एवढी खेप करा, मग नाही सांगणार."

ती शेवटची खेप काही येईना. तुळसाक्काची बोटं सुजली, मान धरली. एकेक पाखरू कातरत बसायला त्राण उरलं नाही. मग ती कागदावर कागद ठेवून जाड घडी घाली आणि दुमडलेल्या कडेवरूनच कात्री चालवी. पाखरं भराभर सुटी होत.

अशात लेकीचं, गोदीचं, लग्न ठरलं. गोदी म्हणाली, "आई, माझं बाशिंग आधी कर ना. लहानपणापासून दुसऱ्यांच्याच कपाळी बघत आलेय."

"करते गं बाई. शेठची एवढी खेप जाऊ दे."

एक खेप गेली, दुसरी आली. गोदीला हळद लागली, तरी बाशिंगाचा कागद कोराच होता.

लग्नाच्या सकाळी तुळसाक्का कात्री घेऊन बसली. डोळे मिटत होते. बाशिंग कातरताना घडीची कड सोडायची असते, कारण तिथंच दोन्ही मोरांच्या चोची जुळतात. पण हाताला सवय पाखरांची! कात्री कडेवरून सरळ गेली, आणि बाशिंगाचे दोन तुकडे मांडीवर पडले.

"अगं बाई, हे काय करून बसले मी!"

घरात दुसरा कागद नव्हता, सगळा पाखरांत गेला होता. कागदासाठी शेठकडे निरोप धाडला. तो म्हणाला, "आज दुकानात गर्दी आहे, उद्या बघू."

वाजंत्री दाराशी आली. तिनं घाईघाईनं खळ लावून तुकडे चिकटवले. जोड वाकडा बसला. तसंच ते तिनं लेकीच्या कपाळी बांधलं.

"रागाव गं मला," ती म्हणाली.

गोदी रागावली नाही. आईची सुजलेली बोटं हातात घेऊन म्हणाली, "किती दमलीस गं आई. बस जरा."

तुळसाक्का मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. अक्षता पडल्या, लेक सासरी गेली.

दुसऱ्या दिवशी शेठ दारात हजर. "अक्का, एवढी एक खेप..."

"नाही," तुळसाक्का म्हणाली.

एवढासा तर शब्द! पण लेकीचं लग्न काही पुन्हा लागणार नव्हतं.

म्हणून लहानथोरांनो, परक्याची भीड राखताना आपल्या माणसाचा वाटा संपवू नये.