सेकंडहँड गादीचा मुजरा

कुणाचा फोन आला रे आला, की हौसाक्काचा फोन नव्या नवरीसारखा लाजायचा आणि बंद पडायचा!

एरवी ठणठणीत. मध्येच गाणं म्हणायचा, भर दुपारी दिवा लावायचा. पण गिऱ्हाइकाचा फोन आला की टाकलीच मान!

हौसाक्का हेकटगडची बोहारीण. डोक्यावर पाटी, पाटीत भांडी. जुनी लुगडी घ्यायची आणि भांडी द्यायची. "अक्का, जुने कपडे काढून ठेवलेत, या!" असं आयाबायांना सांगता यावं म्हणून तर तिनं ऑनलाइन जुना फोन मागवला होता. फोटोखाली ठसठशीत लिहिलं होतं, 'एकाच मालकानं वापरलेला. सहा महिने वॉरंटी शिल्लक.' फोन घेऊन घोडेस्वार दारात आला, तेव्हा तिनं फोनची किंमत म्हणून त्याच्या घोड्यावर दोन कोऱ्या पितळी घागरी लादल्या. पाटीतला सगळ्यात भारी माल! आणि आता बाया फोन करकरून कंटाळायच्या आणि भागू बोहारणीला हाक मारायच्या.

हौसाक्का तडक धोंडशेठच्या पेढीवर धडकली. ऑनलाइन दुकान त्याचंच.

"शेठ, फोन नीट करून द्या. वॉरंटी आहे!"

"आहे की!" धोंडशेठ पोटावरून हात फिरवत म्हणाला. "पण ती पहिल्या मालकाची. तुला फोन विकला, वॉरंटी कुठे विकली?"

"मग बोलवा त्या पहिल्या मालकाला!"

"वारला बिचारा. आणि हो, मूळ खोकंही लागतं."

"अरे मेल्या! लुगडं विकताना काठ एकीला आणि पदर दुसरीला विकतं का कुणी?"

भांडण दरबारात गेलं. मुचकुंद महाराज म्हणजे हट्टाचा पुतळा. एकदा खिरीत चुकून मीठ पडलं, तर महाराज बोलून गेले, "अशीच असते खीर!" मग काय, महिनाभर अख्खा दरबार खारट खीर ओरपत होता.

महाराजांनी धोंडशेठनं पुढे केलेला वॉरंटीच्या नियमांचा कागद वाचला. मिशीला पीळ दिला.

"यावर आमचा शिक्का आहे. नियम म्हणजे नियम! वचन दिलं पहिल्या मालकाला. वस्तू दुसऱ्याकडे गेली म्हणून वचन तिच्यामागे जात नाही! तीन दिवसांत पहिल्या मालकाला मूळ खोक्यासकट हजर कर. नाहीतर घागरी गेल्या, फोन गेला आणि तुझी पाटीही जप्त! या राज्यात जुन्याचा धंदा करायचा नाही!"

"महाराज, तो मेलाय हो!"

"आम्हाला विचारून मेला का?"

धोंडशेठ फिदीफिदी हसला. हौसाक्का घरी आली. पाटी गेली तर खायचं काय, फोनमधलं गाणं? दोन दिवस तिनं डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी पदर खोचला आणि दरबारात शिरली.

मुजरा नाही की काही नाही! थेट सिंहासनापाशी गेली. गादीची झालर उचलून उजेडात धरली. सिंहासनाच्या पायावर टकटक वाजवून कान लावला. मग नाक मुरडलं.

"बाई! काय चाललंय हे?" महाराज ओरडले.

"माल बघतेय. उजवीकडे खचलाय, झालर विरलीय. वापरलेला दिसतोय. आपल्याआधी कोण बसायचं यावर?"

"आमचे वडील! थोरले महाराज!"

"म्हणजे सेकंडहँड!"

महाराज लालबुंद झाले. "आधी मुजरा कर!"

"करते की! पण माझ्या आज्यानं इमानाची शपथ घेतली ती थोरल्या महाराजांपुढं. गादी तुम्हाला मिळाली, मुजरा कुठे मिळाला? पहिल्या मालकाला बोलवा, वाकून करते. आणि मूळ खोक्यासकट हं. त्यांच्याच पालखीतून!"

"अगं, ते स्वर्गात आहेत!"

"फोनवालाही तिकडेच आहे. एकाच पालखीत बसवून आणा दोघांना, भोई तरी वाचतील!"

तोच वारा थांबला. पंखेवाल्यानं पंखा खाली ठेवला होता.

"वारा घाल रे!"

"कसा घालू महाराज? मला थोरल्या महाराजांनी ठेवलं होतं. वारा त्यांच्या नावावर आहे."

भालदार भाल्याला टेकून उभा राहिला. चोपदारानं चक्क जांभई दिली. कंबरेत वाकलेले प्रधान अंताजीपंत हळूच सरळ झाले आणि म्हणाले, "आहाहा! बावीस वर्षांनी पाठ मोकळी झाली!"

महाराजांच्या कपाळावरून घाम ओघळला. मिशीचा पीळ सुटला. एक टोक तर थेट तोंडात गेलं!

"थू! अरे, गादीबरोबर मुजरा येतो! वारा येतो! सगळं येतं!"

"परत सांगा महाराज. धोंडशेठला नीट ऐकू आलं नाही."

"वस्तूबरोबर वचनही येतं!"

"मग माझ्या फोनबरोबर वॉरंटी?"

महाराजांचं पोट आधी हललं, मागून हसू आलं. असे खदखदून हसले की सिंहासन उजवीकडे कलंडलं आणि पंखेवाल्याला धावत जाऊन ते धरावं लागलं!

"जिंकलीस हौसाक्का! शेठ, आत्ताच्या आत्ता फोन नीट करून दे. दोन्ही घागरीही परत कर, त्याही स्वतःच्या डोक्यावरून हिच्या घरी पोचव! आणि आजपासून तुझ्या दुकानातला एकेक जुना फोन हौसाक्का तपासेल, मगच विकायचा!"

एवढं बोलून महाराजांनी अंगावरचा जरीचा शेला काढून तिला दिला.

हौसाक्कानं तो उजेडात धरला. एक डोळा मिटला.

"महाराज, हा दोन जागी विरलाय. वॉरंटी कुणाच्या नावावर आहे?"

"तुझ्या, बाई, तुझ्याच!" महाराज पुन्हा हसत सुटले, आणि पंखेवाला पुन्हा सिंहासन धरायला धावला. तेवढ्यात हौसाक्कानं वाकून झकास मुजरा केला!