मान डोलावणारे पाहुणे

घाटाच्या पायथ्याशी एका गावात सगळी कारागिरांचीच वस्ती होती. कुंभार, बुरूड, कासार, सुतार, कुणी ना कुणी हातानं काहीतरी घडवणारं. माघात शेतीची कामं आटोपली की एक दिवस गावातलं प्रत्येक दार सताड उघडं राहायचं. पंचक्रोशीतली माणसं चालत यायची. कुंभाराच्या चाकापाशी सुरुवात करायची, मग एकेका घरी टेकत, काम बघत, आवडलं तर विकत घेत पार दुसऱ्या टोकापर्यंत जायची. या दिवसाला म्हणायचे दारउघडणी.

दारउघडणीची एक रीत होती. पाहुण्याला चटईवर बसवायचं, गूळपाणी द्यायचं. त्यानं काम डोळे भरून बघायचं आणि उठण्याआधी त्या कामातलं एक उणं सांगायचं. नुसतं गोड बोलून सुटका नाही बरं का! आणि कारागिरानं वाद घालायचा नाही, 'ऐकलं' एवढंच म्हणायचं. मगच पाहुणा उठायचा. उणं सांगितल्याशिवाय उठू नये आणि ऐकल्याशिवाय उठवू नये, असा दंडकच होता. का, म्हणून कुणी विचारलं, तर गावातली जाणती माणसं विषय बदलायची.

गावातलं शेवटचं घर बाबल मेस्त्रीचं. लाकडातून पक्षी, प्राणी, माणसं काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे खरंच. पण गडी नाकावर माशी बसू द्यायचा नाही. एका दारउघडणीला त्यानं एक मोर मांडून ठेवला होता. महिनोन्‌महिने खपून केलेला. एक गाडीवान चटईवर बसला, त्यानं मोर चहूबाजूंनी न्याहाळला आणि म्हणाला, "मोर झकास हो. फक्त हा नाचायचा नाही, मेस्त्री. पाय बघा, खुंट ठोकल्यासारखे!"

पडवीभर हशा पिकला. बाबल दातओठ खात 'ऐकलं' म्हणाला. पण ऐकलं कुठलं! संध्याकाळी त्यानं मोर चुलीत घातला. बायको भागीरथी म्हणाली, "अहो, पायच तेवढे नीट करायचे होते." त्यावर तो चार दिवस तिच्याशी बोलला नाही.

पुढच्या माघाआधी त्यानं पांगाऱ्याच्या लाकडाचा एक पाहुणा घडवला. खरा माणूस बसावा तसा मांडी घालून बसलेला, डोक्याला मुंडासं, हात गुडघ्यावर. मान त्यानं धडात एका खुंटीवर अशी बसवली, की जरा झुळूक आली की ती खालीवर हलायची. जणू म्हणतोय, वा मेस्त्री, वा! कपडे चढवून, रंग देऊन बाबलनं त्याला पडवीत चटईवर बसवलं. लांबून कुणालाही वाटावं, मेस्त्रीकडे आधीच कुणीतरी बडं माणूस आलंय.

आणि माणसांचं तुम्हाला ठाऊकच आहे. जिथं चार बसलेत, तिथंच पाचवा जातो. त्या वर्षी बाबलच्या दारी गर्दी झाली. जवळ बसल्यावरही कित्येकांना शेजारचा लाकडाचा आहे, हे कळलं नाही. तो एकसारखी मान डोलावतोय, म्हटल्यावर यांना उणं काढायचा संकोच वाटायचा. तेही मान डोलवायचे आणि उठून जायचे. बाबल त्यांना अडवायचा नाही. कशाला अडवील? त्याला बरंच वाटायचं.

मग त्याला नादच लागला. आणखी एक पाहुणा झाला, मग आणखी एक. पागोट्याचा सावकार झाला, उपरण्यातला भटजी झाला, नऊवारीतली पाटलीण झाली. भिंतीच्या कडेनं रांगच लागली. दारउघडणी संपली, तरी तो त्यांना हलवायचा नाही. काही नवं घडवलं, की त्यांच्यापुढे धरायचा. वारा असला की माना डोलायच्या. बाबल खूश.

भागीरथीला मात्र ते बघवेना. एकदा केर काढता काढता ती म्हणाली, "अहो, ही माणसं बसवलीत खरी. ही उठायची कधी?"

"लाकडं आहेत ती," बाबल म्हणाला.

"पाहुणे म्हणून बसवलीत ना? चटईवर?" ती म्हणाली. "मग त्यांनाही रीत लागू झाली."

बाबल हसला. पण भागीरथीनं त्या दिवसापासून त्या बाजूचा केर काढणं सोडून दिलं. तिनं काय पाहिलं होतं, ते तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्या मूर्तींखालच्या चटया झिजल्या होत्या. फार वेळ ताटकळलेला माणूस बसल्या जागी चुळबुळत राहिला, की झिजतात तशा.

पुढे बाबललाही काही काही दिसायला लागलं. रंधा मारताना सहज नजर जायची आणि वाटायचं, पाटलीण काल दाराकडे बघत होती, आज माझ्याकडे बघतेय. वारा पडलेला असायचा, झाडाचं पान हलायचं नाही आणि भिंतीशी माना डोलायच्या. सावकाश, एका लयीत. बाबल मनाशी म्हणायचा, घरात कुठूनतरी झोत येत असेल. माणसाला नको ते दिसलं, की तो कारणं बरोबर शोधतो.

मग त्यांचे ओठ तडकायला लागले. पांगारा सुकला की तडकतो, त्यात नवल नाही. पण तडा जायचा तो नेमका दोन ओठांच्या मधून. आधी सावकाराचा, मग भटजीचा, मग सगळ्यांचा. बाबलनं मेणात भुसा कालवला आणि एकेकाचं तोंड बुजवलं. दोन दिवसांनी बघतो तर पुन्हा उघडलेलं. त्यानं पुन्हा बुजवलं.

अशात त्याची लेक मंजुळा बाळंतपणाला माहेरी आली. एकुलती एक लेक. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर घरात पाळणा हलायचा होता. बाबलचा आनंद गगनात मावेना. म्हणाला, "माझ्या नातवंडाचा पाळणा मीच करणार. असा करणार, की मुलूख बघत राहील!"

आणि खरंच देखणा पाळणा केला त्यानं. फणसाचं पिवळंधमक लाकूड, कडेनं पोपटांची नक्षी, कोपऱ्यांत भिरभिरी. वर एक आडवी दांडी. तिच्या मधोमध कडी, कडीला साखळी, साखळी तुळईला. सगळा भार त्या दांडीवर.

भागीरथीनं पाळण्यावरून हात फिरवला आणि तिचा हात दांडीवर थांबला. "अहो, इथं गाठ आहे. बरोबर कडीपाशी. इथं लाकूड दगा देईल."

बाबललाही ती दिसली होती. दांडी कापतानाच दिसली होती. पण नक्षी पुरी झाली होती, दुसरी दांडी करायची म्हणजे सगळं उचकटायचं. आणि बायकोनं दाखवलं म्हणून करायचं? छे!

"तुला लाकडातलं काय कळतं?" तो खेकसला आणि त्यानं गाठीवर लाल रंगाचा जाड हात दिला. गाठ दिसेनाशी झाली. वरून तिथं एक पोपटही काढला.

भागीरथी विहिरीवर गेली. टळटळीत दुपार होती. मंजुळा आत झोपली होती. बाबलनं पाळणा पडवीत आणला आणि पाहुण्यांपुढे धरला. "काय मंडळी? कसा आहे?"

एकही मान हलली नाही.

"बघा की नीट," बाबल म्हणाला. अंगणातले कावळे गप्प झाले होते. मग भिंतीच्या त्या टोकाकडून आवाज आला. कट्. वाळकं लाकूड मोडावं तसा. मग दुसरा, मग तिसरा, रांगेनं जवळ येत. बाबलनं बुजवलेलं मेण एकेकाच्या तोंडातून गळून खाली पडत होतं. आणि अगदी शेजारी बसलेल्या त्या पहिल्या पाहुण्याच्या तोंडून, ओठ न हलता, एकच शब्द आला.

"गाठ."

बाबलच्या जागी दुसरा कुणी असता, तर पळत सुटला असता, नाहीतर शहाणा असता तर त्यानं 'ऐकलं' म्हटलं असतं. बाबलनं काय केलं? मेणाची कढई चुलीवर चढवली आणि पुन्हा सगळ्यांची तोंडं बुजवली. या खेपेला वरून चिंध्याही कोंबल्या.

मंजुळा सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. गोरीपान, काळ्याभोर जावळाची. बाबलनं तिला हातात घेतलं आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. त्या रात्रीपासून त्याला झोप लागेना. गाठ डोळ्यांपुढून हलेना. पण सकाळ झाली, की तो स्वतःची समजूत घालायचा. पोर ती केवढी, तिचं वजन ते काय! बारसं तर निभावू दे. चार पाहुण्यांसमोर मिरवू दे. मग गुपचूप दांडी बदलू.

बारशाला गाव लोटलं. मंजुळाच्या सासरची मंडळी आली. पाळण्याची तर नुसती वाहवा चालली होती. लाकडी पाहुण्यांच्या तोंडातल्या चिंध्या बाबलनं सकाळीच काढल्या होत्या, चांगलं दिसत नाही म्हणून. ते भिंतीशी नेहमीसारखे बसले होते आणि गर्दीत कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं.

बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. रीतीप्रमाणे आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात ठेवलं, दोन झोके दिले. भागीरथी खांबाला टेकून उभी होती. ती नवऱ्याकडे बघत होती. बाबलनं नजर चुकवली, ती नेमकी भिंतीकडे गेली.

ते सगळे माना हलवत होते. पण खालीवर नाही. डावीउजवीकडे. नाही, नाही, नाही. बाबलला आपल्या हातची खुंटी ठाऊक होती. ती मान तशी वळूच शकत नव्हती. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे एकत्र, एका लयीत मान हलवत होते आणि त्यांच्या तोंडांतून मेणाचे थेंब टपटप गळत होते.

विहीणबाई बाळाला घेऊन पाळण्यापाशी वाकल्या.

"थांबा!" बाबल ओरडला.

गाणं थांबलं. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. सोयरे, शेजारी, कुंभार, कासार, ज्यांच्यापुढे त्याला मिरवायचं होतं ते सगळे. बाबलला एकदा वाटलं, काहीतरी थाप मारावी. मग त्याला विहीणबाईंच्या हातातली ती इवलीशी मूठ दिसली.

"दांडीत गाठ आहे," तो म्हणाला. "कडीपाशी. माझ्या बायकोनं दाखवली होती. मला आधीपासून ठाऊक होतं. मी ती रंगाखाली दडवली."

जावई अवघडून हसला. "काहीतरीच काय, मामा! एवढा बळकट पाळणा." आणि आपलं म्हणणं पटवायला त्यानं पाळण्याला एक झोका दिला.

काड्‌कन आवाज झाला. दांडी बरोबर पोपटापाशी दुभंगली. पाळणा एका अंगावर कोसळला आणि टोपडं घातलेला, अजून आतच असलेला वरवंटा बाहेर फेकला जाऊन जमिनीत रुतला. मंजुळानं किंकाळी फोडली. बायकांनी तोंडाला पदर लावले. बाबल मटकन खाली बसला आणि सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडायला लागला. भागीरथी येऊन त्याच्याशेजारी बसली. "ऐकलं गं," तो तिला म्हणाला. "आता ऐकलं."

बुरुडाच्या घरून वेताचा पाळणा आला. नाव ठेवलं गेलं, घुगऱ्या वाटल्या. गडबड ओसरल्यावर विहीणबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या आणि बाबलला म्हणाल्या, "मेस्त्री, ती भिंतीशी बसलेली मंडळी कोण हो तुमची? जेवायलाही थांबली नाहीत."

बाबलनं भिंतीकडे पाहिलं. तिथं नुसत्या झिजलेल्या चटया होत्या.

"सगळे तिकडे पाळण्याभोवती जमलात ना, तेव्हाच उठली," विहीणबाई सांगत होत्या. "दांडी मोडली तशी मी पोरीला घेऊन दारात जाऊन उभी राहिले होते. माझ्या अंगावरूनच गेली. बोललं कुणीच नाही. पण जाताना एकेकानं बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. फार कोरडे हात होते हो त्यांचे."

बाबलनं नातीला उचलून घेतलं. तिच्या काळ्याभोर जावळात पांगाऱ्याचा पांढरा भुसा होता. तो त्यानं हलक्या हातानं झटकला आणि किती तरी वेळ तो उघड्या दाराकडे बघत बसला.

तात्पर्य: जो आपलं उणं ऐकून घेत नाही, त्याच्याभोवती मान डोलावणारेच उरतात; आणि त्यांच्या भरवशावर बांधलेल्या पाळण्यात शेवटी आपलंच लेकरू निजायचं असतं.