जात्याची खरखर

म्हाताऱ्याला घटकाभर टेकू देत नाही तुम्ही, ऐका एकदाची गोष्ट.

फार मागे एका जात्याला शेजारच्या उखळानं "खरखरीत मेलं" म्हणून हिणवलं. जात्यानं ते मनाला लावून घेतलं आणि रिकामंच फिरून पोट गुळगुळीत केलं. मग ज्वारी अख्खीच बाहेर पडू लागली.

मालकीण चिडली. "उद्या याची पायरी करते."

तेवढ्यात जात्यांना टाकी लावणारी, म्हणजे छिन्नीनं ठोकून त्यांना पुन्हा खरखरीत करणारी रखमा आली. छिन्नी पाहून जातं ओरडलं, "मावशे, पुन्हा खरखर नको गं चिकटवू!"

"चिकटवते कशाला, येड्या? तुझीच आहे, तूच दडपलीस. दाण्यापुरती वापर, कुणाला टोचायची नाही."

जात्यानं मुकाट घाव सोसले. संध्याकाळी मऊसूत पीठ पडलं.

जात्याला आपल्या खरखरीचं मोल कळलं. परवा चारचौघांत मला म्हाताऱ्याला खरखरीत म्हणालेल्या आपल्या गावच्या केरबा शिंप्याची माफी मात्र अजून यायची आहे.