औषध कोणी घ्यायचं

एकदा एक वृद्ध वैद्यबुवा मुळ्या आणायला डोंगरात गेले आणि रोगी तपासायचं काम पहिल्यांदाच शिष्यावर सोपवून गेले. त्या तीन आठवड्यांत एका मुलीचं सगळं आयुष्य चुकीच्या वाटेला लागता लागता राहिलं.

शिष्याचं नाव दामोदर. बुवांच्या हाताखाली त्याची नऊ वर्षं गेली होती. खलात काय किती घोटायचं ते त्याला डोळे मिटून कळे, आणि ग्रंथ तर असे पाठ की मधूनच कुठूनही विचारावं. खोड एकच. रोग्यानं तोंड उघडायच्या आत याच्या मनात औषध तयार असायचं. बुवा म्हणत, दामोदरा, तू ऐकतोस कमी आणि ओळखतोस फार. दामोदराला ते कौतुकच वाटे.

बुवा गेल्याच्या चौथ्या दिवशी पेठेतले कापडवाले शेट आले. बरोबर त्यांची विधवा बहीण होती, जिला सगळी पेठ आत्याबाई म्हणे, आणि शेटांची मुलगी कालिंदी होती. मुलीची आई लहानपणीच गेली, तेव्हापासून आत्याबाईंनीच तिला वाढवलेलं. कालिंदी आता सत्ताविशीला आली होती. दुकानात बसायची. लग्नाचे शालू तिच्यासारखे कोणी दाखवत नसे. नवरीच्या आईला काय हवंय आणि नवरीला काय हवंय, हे दोन्ही ओळखून ती तिसराच शालू असा उलगडायची की दोघी खूश होऊन जात.

आत्याबाईंनी बोलायला सुरुवात केली ती थांबेचनात. पाच स्थळं हिनं परतवून लावली. एकात खोट नव्हती. कोणी म्हणतं हिचं कुठं तरी मन गुंतलंय, कोणी म्हणतं कोणी तरी हिचं मन मोडलंय. माझ्या धाकट्या जावेला वाटतं की हिच्यावर कोणी काही केलंय. शेजारीण तर तोंडावर म्हणाली की पोरगी दगडाची आहे. आणि ही म्हणते, मला त्यातलं काही वाटतच नाही. असं कधी असतं का, तुम्हीच सांगा.

दामोदरानं भूक विचारली, झोप विचारली, महिन्याचं विचारलं. सगळं जिथल्या तिथे होतं. मग आवाज उतरवून त्यानं विचारलं, की कोणा पुरुषाविषयी अंगातून ओढ वाटते का? कालिंदीनं मान वर करून सांगितलं, कधीच नाही. पुरुषाविषयी नाही आणि कोणाहीविषयी नाही. त्यापुढे ती आणखी एक वाक्य बोलली होती, आणि ते वाक्य म्हणजे सगळं काही होतं. ती म्हणाली होती, "आणि मला त्याचा काही त्रास होत नाही."

पण तोवर दामोदर औषधांच्या फळीकडे वळला होता. खाजकुइलीचं बी दुधात शिजवून सोललेलं, त्यात अश्वगंधा, वर जायफळ आणि केशर. ओढ कमी असणाऱ्याला ग्रंथात हेच सांगितलेलं. एकवीस दिवसांच्या पुड्या बांधून त्यानं शेटांच्या हाती दिल्या आणि म्हणाला, "एकवीस दिवसांत गुण येईल. निर्धास्त राहा."

निर्धास्त राहा हा शब्द बापाच्या कानाला किती गोड लागतो, ते बापालाच ठाऊक. शेटांनी त्याच आठवड्यात नदीपलीकडच्या एका घरी शब्द टाकला. सुपारी फुटली, तिथी धरली. मुलगी आता बरी होतेय, मग उशीर कशाला?

कालिंदीनं औषध घेतलं का, तर घेतलं. आत्याबाई रोज सकाळी दुधाचा पेला घेऊन समोर उभ्या राहत, हे एक. आणि दुसरं असं, की दहा वर्षं चारचौघे एकच गोष्ट सांगत राहिले की धडधाकट माणसालाही वाटायला लागतं, कदाचित मीच कुठे चुकत असेन. घेऊन तर बघू. ती घेत गेली आणि वाट बघत राहिली. ऐन वैशाखातलं ते उष्ण औषध. बाराव्या दिवशी तोंड आलं, पंधराव्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या नाकाचा घोळणा फुटून शालूवर रक्त सांडलं. ओढ मात्र आली नाही ती नाहीच.

अठराव्या दिवशी बुवा डोंगरातून परतले. पाय धुऊन पडवीत टेकतात न टेकतात तोच ही तिघं पुन्हा हजर. शेट म्हणाले, औषध लागू पडत नाही, याहून कडक द्या, लग्न अकरा दिवसांवर आलंय. दामोदराची मान खाली गेली. बुवांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. मधे एकदाही बोलले नाहीत. मग कालिंदीला त्यांनी कोपऱ्यातल्या घोंगडीवर बसवलं आणि दामोदराला सांगून ताकात कालवलेला मऊ भात तिच्यापुढे ठेवायला लावला. पोरीला चार दिवस तिखट गिळवलं नव्हतं. ती मुकाट्यानं जेवू लागली.

शेट म्हणाले, आधी नाडी बघा तिची. बुवा म्हणाले, बघतो. आणि त्यांनी शेटांचाच उजवा हात ओढून घेतला.

शेटांना वाटलं म्हातारा चुकतोय. दामोदरालाही तेच वाटलं. डोंगरातलं ऊन बाधलं असावं. पण बुवांनी डोळे मिटून तीन बोटं टेकवली ती बराच वेळ उचलली नाहीत. झोप लागते का? शेट म्हणाले, वर्ष झालं, पहाटेला जाग येते ती येते. छातीत धडधडतं? देवळात चार माणसं भेटली की धडधडतं. का? ते विचारतात म्हणून, मुलीचं कुठवर आलं. जेवण? अर्धं.

मग आत्याबाईंचा डावा हात. त्यांच्या पोटात गोळा उठायचा, आणि तो नेमका कोणाचं केळवण असलं की उठायचा.

बुवांनी डोळे उघडले. "दामोदरा, झोपेसाठी जटामांसीच्या सात पुड्या शेटजींना बांध. आत्याबाईंना ओवा आणि सुंठ. मुलीला काही नको. तुझ्या पुड्या उरल्या असतील त्या परत घे."

शेट चिडले. "बुवा, रोगी ती आहे."

"असेल. पण मी इतकी वर्षं औषध देतोय ते दुखणाऱ्याला देतोय," बुवा म्हणाले. "शेटजी, झोप तुमची उडाली. पोटशूळ बाईंना. हिची झोप उत्तम, भूक उत्तम, कामात कुठे चूक नाही. हिला जो काही त्रास आहे तो अठरा दिवसांचा आहे, आणि तो आमच्या घरून आलाय. ज्याचं दुखतं त्यानं आपलं औषध स्वतः घ्यावं. आपल्या दुखण्याचं औषध लेकराच्या तोंडात घालू नये."

दामोदराच्या कानात ते अठरा दिवसांपूर्वीचं वाक्य आत्ता कुठे शिरलं. मला त्याचा त्रास होत नाही. तिनं सांगितलं होतं. तो फळीकडे वळला होता.

शिकलेल्या माणसाचं एक असतं. एक चूक कळली की तो तितक्याच जोरात दुसरीकडे धाव घेतो. दामोदराला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. रोग नाही, म्हणजे ही सिद्धीच. जे साधायला तपस्वी जन्म घालवतात ते हिला उपजत मिळालंय. तो पुढे झाला आणि कालिंदीपुढे हात जोडून वाकला. आत्याबाईंचा चेहराही उजळला. घरात योगिनी आहे असं सांगण्यात कमीपणा कसला? शेटसुद्धा म्हणून गेले, की मळ्याच्या कडेला एक मठी बांधून देता येईल.

कालिंदीला हसू आलं. तोंड आलेलं, त्यामुळे हसताना कळ लागली आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"दादा," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मला रोगी केलंत, आज देवी करताय. मधला एखादा दिवस माणूस म्हणून राहू द्या की."

मग मात्र ती बोलली, आणि या वेळी सगळ्यांनी ऐकलं. सोळाव्या वर्षी मैत्रिणी सांगायच्या, अमक्याला बघितलं की काळजात कसं होतं. तिनं वाट बघितली, आपल्यालाही होईल. विसाव्या वर्षीही बघितली. नाही झालं. तिला कोणी फसवलेलं नाही, कोणी दुखावलेलं नाही. तिला मुलं आवडतात, गाणं आवडतं, आत्याशी भांडायला तर फारच आवडतं. माणसांचा जीव लागतो तिला. आत्या गेल्या वर्षी तापानं फणफणली तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? दगड बसला होता का? एवढंच आहे, की अंगाची ती एक ओढ तिच्यात नाही. आणि मठीत तर तिला दोन दिवस करमायचं नाही. तिला पेठ लागते.

आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी त्या कावत होत्या ती आता बाहेर आली. मी गेल्यावर हिच्या तापात उशाशी कोण?

बुवांनी हे हसण्यावारी नेलं नाही. ते म्हणाले, बाई, हे खरं दुखणं, आणि ते तुमचं आहे. त्यावर बसून विचार करू. शेजार आहे, मैत्रिणी आहेत, हाताशी धंदा आहे. उद्या हिलाच कोणाच्या सोबतीनं घर मांडावंसं वाटलं, तर त्याला सगळं मोकळेपणी सांगून मांडील. तसंही काही जण राहतात. पण नदीपलीकडच्या त्या मुलाला हे कोणी सांगितलंय का? तो बायको आणायला निघालाय, आणि तुम्ही त्याच्या पदरात एक औषधाचा वायदा बांधताय. अकरा दिवसांनी दोन पोरं एका खोलीत एकमेकांना घाबरून बसतील, आणि बाहेर तुम्हाला शांत झोप लागेल.

दामोदराकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले, "आणि तू. त्याग त्याला म्हणतात, की हवं असतं आणि माणूस सोडतो. हिनं काही सोडलेलं नाही. म्हणून ही तपस्विनी नाही. हिला काही कमी पडलेलं नाही, म्हणून रोगीही नाही. काही माणसं अशी असतात. पूर्वीही होती. आपल्या ग्रंथात त्यांच्यासाठी पान नसेल, तर उणीव ग्रंथात आहे. ती तिच्या अंगात शोधू नकोस."

शेटांनी हातातल्या जटामांसीच्या पुड्यांकडे पाहिलं. म्हणाले, कालिंदे, तू इतकी वर्षं हेच सांगत होतीस? ती म्हणाली, हेच. त्यांनी पुड्या खिशात घातल्या. मग पडेल आवाजात विचारलं, की फुटलेली सुपारी परत करायला आता कोणत्या तोंडानं जायचं?

बुवा म्हणाले, एकट्यानं नका जाऊ. ज्यानं गुण येईल असा शब्द दिला, तोही बरोबर येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेट आणि दामोदर नावेत बसून पलीकडे गेले. मुलाच्या घरी मांडवाचे वासे येऊन पडले होते. मुलाची आई सूप बाजूला ठेवून बाहेर आली. शेटांनी हात जोडले आणि दामोदराकडे पाहिलं. तेव्हा दामोदर पुढे झाला आणि म्हणाला, की चूक माझी आहे. मी न ऐकता औषध दिलं आणि देता येत नाही असा शब्द दिला. मुलीला लग्न नको आहे. ते तिनं पहिल्यापासून सांगितलं होतं.

बाई फटकळ होती. जे बोलायचं ते सगळं बोलली, वैद्यकीवरही बोलली. दामोदर खाली मान घालून ऐकत राहिला. बोलून दमल्यावर तिनं विचारलं, "बरं, पण झालंय तरी काय त्या मुलीला?"

नऊ वर्षांत पाठ केलेलं सगळं दामोदराच्या जिभेवर आलं. वात आला, पित्त आलं, धातूंची नावं आली. त्यानं ते सगळं मागे ढकललं.

"काही झालेलं नाही," तो म्हणाला. "ती तशीच आहे. आणि छान आहे."

बाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आत हाक मारून दोघांसाठी गूळपाणी आणायला सांगितलं आणि म्हणाली, की हळद लागायच्या आत आलात, हे एक बरं केलंत.

परत येताना नावेत शेटांचा डोळा लागला. दामोदरानं त्यांना पलीकडच्या काठाला लागेपर्यंत हलवलं नाही.

आपल्याही घरात कोणी असं असेल, तर त्या माणसाचं वाक्य पुरं होईपर्यंत फळीकडे वळू नये.